पट्ट्याखालचं खोड

वंशावळ लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते माझं अक्षर बरं आहे म्हणून. एरवी घरात माझ्या कुठल्या गोष्टीला कुणी बरं म्हणेल तर शपथ. नवऱ्याला सोडून आलेली थोरली, फळांच्या शेडमध्ये दिवसभर सडकी आणि चांगली वेगळी करणारी, जिभेला हाड नसलेली. पण सरकारी कागद आला की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. "ताई, तूच लिही गं."

कागद असा होता. नदीकाठची सगळी जमीन सरकारची आहे, हा शोध सरकारला इतक्या वर्षांनी लागला होता. ज्यांची वहिवाट पंचाहत्तर वर्षांची असेल त्यांनी राहायचं, बाकीच्यांनी हंगाम उरकून उठायचं. पुरावा कसला द्यायचा? जुनी दप्तरं कचेरीच्या तळघरात होती आणि पुराच्या पाण्यात त्यांचा कधीच लगदा झाला होता. म्हणजे दप्तरं बुडवली त्यांनी आणि पुरावा शोधायचा आम्ही! मग त्यांनीच तोड काढली. घराण्याची वंशावळ द्या, आणि जुनी झाडं असतील तर आमचा माणूस येऊन झाडांचं वय काढेल.

झाडं होती. नासपतीची एकशे चाळीस. भाऊ आणि वहिनी त्यांच्यावर जगतात, मी त्यांच्यावर जगते, आणि अण्णा, आमचे वडील, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यासाठीच जगतात. उठायचं म्हटलं तर जायचं कुठे, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

अण्णांपुढे वही घेऊन बसले. त्यांनी नेहमीचा पाढा म्हटला. पहिली जमीन नदीनं खाल्ली. दुसरी जमीनदारानं. तिसरी मिठानं, खालून खारं पाणी वर आलं आणि शेत पांढरं पडलं. चौथी ही. दर वेळी घर सोडताना आमच्या माणसांनी भांडी टाकली, कपडे टाकले, एकदा तर एक म्हातारी काकू टाकली म्हणतात, पण नासपतीच्या काड्या टाकल्या नाहीत. काड्यांची टोकं बटाट्यात खुपसायची म्हणजे त्या सुकत नाहीत, वर ओलं गोणपाट गुंडाळायचं, आणि नव्या जागी पोचलं की कलम बांधायचं. चार जमिनी झाल्या पण झाड तेच आहे, असं अण्णा छाती काढून सांगतात. फळ चावलं की पणजोबांनी चाखलेलीच चव जिभेवर येते.

"इथे कधी आलो?" मी विचारलं.

"माझा जन्म इथलाच. लिही."

"आलो कधी, ते विचारतेय."

"लिही म्हटलं ना! उगाच फाटे फोडू नकोस."

रविवार गाठून मी एकटीच तिसऱ्या जमिनीवर जाऊन आले. पाच तास बस, पुढे पायी. तिथे कुणी नव्हतंच. मैलभर पांढरी कुरकुरीत माती आणि एका विहिरीचा काठ. पाणी जिभेला लावून पाहिलं आणि थुंकले. वहीत लिहायला काही मिळालं नाही, फक्त चपला कायमच्या पांढऱ्या झाल्या.

मग झाडांचं वय काढणारे साहेब आले. आम्ही त्यांचं नाव गिरमिटवाले ठेवलं, कारण त्यांच्याकडे एक लांब पोकळ गिरमिट होतं. ते खोडात फिरवत न्यायचं आणि ओढलं की पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर यायची. कांडीवरच्या रेघा मोजायच्या. एक रेघ, एक वर्ष. माणूस शांत होता, भिंगातून बघताना ओठ हलवायचा.

इथे आमच्या झाडांबद्दल सांगायला हवं. प्रत्येक झाडाला जमिनीपासून कमरेच्या वरपर्यंत चुना आणि तांबड्या मातीचा जाड पट्टा असतो. दर वर्षी नवा थर. मुंग्या चढू नयेत म्हणून, असं आम्हाला लहानपणी सांगितलं. आणि आमच्या घरात मूल धड उभं राहायला लागलं की त्याला पहिलं काम हे देतात, की पट्ट्याला भेगा पाडून जे कोंब फुटतात ते बोटांनी खुडायचे. चोर फुटवे म्हणतो आम्ही त्यांना. मीही खुडलेत, भावानंही. कुणी कधी का म्हणून विचारलं नाही. विचारून तरी काय, अण्णांचा हात चालला असता.

गिरमिटवाल्यांनी छातीच्या उंचीवर भोक पाडलं, कांडी काढली, मोजली. "सत्तर. एखादं इकडेतिकडे."

भावाचा चेहरा उतरला. पाच वर्षं कमी!

"छातीशी नको," अण्णा काठी आपटत म्हणाले. "गुडघ्याशी मारा. पट्ट्याखाली."

गिरमिटवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बसले, चुना खरवडला आणि गिरमिट घातलं. या वेळी मोजायला बराच वेळ लागला. चौऱ्याण्णव.

"हुश्श," वहिनी म्हणाली.

साहेब मात्र उठले नाहीत. ते चुना खरवडतच राहिले, वरवर, कमरेपर्यंत. तिथे खोडाला सभोवार जाडजूड गाठ होती. गाठीच्या खालची साल वेगळी आणि वरची वेगळी. मी जन्मभर त्या झाडांखाली वावरले आणि ती गाठ मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"मोठं झाड कमरेत कापून वर दुसरं कलम केलंय," साहेब म्हणाले. "वरचं तुमचं असेल, मान्य. खालचा खुंट कुणाचा?"

"आमचाच," अण्णा म्हणाले.

"तसा जबाब लागेल. पंचाहत्तर वर्षांआधी इथे जन्मलेलं कुणी आहे? तुम्ही चालाल, पण तुम्ही अर्जदार. दुसरं कुणी?"

"आत्या आहे ना," भाऊ बोलून गेला. "अण्णांची मोठी बहीण. ब्याऐंशीची."

साहेबांनी आठ दिवसांनंतरची तारीख दिली. ते फाटकाबाहेर पडले आणि अण्णा भावावर असे ओरडले की मला वाटलं आता यांना झटका येतो. मेलो तरी तिला या दारात आणायचं नाही. आत्याचं आणि अण्णांचं बावन्न वर्षांपूर्वी, आजोबा गेले त्या दिवशी, बिनसलं होतं. कशावरून, ते विचारलं की सगळे ताकास तूर लागू देत नसत.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. अण्णांना न विचारता, अर्थात.

आत्या शहरात एका लाँड्रीच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहते. जन्मभर तिथेच इस्त्री केली. खोलीत एक खाट, एक टेबल, टेबलावर इस्त्रीचे त्रिकोणी डाग, खिडकीतून समोर बसडेपोची भिंत. ती उशांचे अभ्रे दुमडत होती. मला ओळखलं नाही, मग ओळखलं.

"बापानं पाठवलं?"

"नाही. ते म्हणाले, मेलो तरी तिला आणू नका."

"म्हणजे अजून तोच आहे," ती म्हणाली. "बस. चहा ठेवते."

मी कागद दाखवला. तिनं वाचला नाही. अभ्रे दुमडतच तिनं सांगितलं आणि मी वही उघडलीच नाही.

ते इथे आले तेव्हा आत्या अकराची होती आणि अण्णा सात वर्षांचे. एकाहत्तर वर्षं झाली. जन्म दोघांचा मिठाच्या जमिनीवरचा. आजी पोटुशी होती आणि बाळ वाटेतच झालं, एका गोठ्यात. इथे पोचले तेव्हा घर तयार होतं. चुलीत राख होती. इथल्या लोकांना हुकूम काढून एका दिवसात उठवलं होतं, आणि ती रिकामी घरं मिठातून आलेल्यांना वाटून दिली होती. नासपतीची झाडं चांगली वीस-पंचवीस वर्षांची होती. फांद्यांवर फळं होती, माळ्यावर गवतात मांडून ठेवलेली फळं होती.

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

"तुझ्या आजोबांना विचार," आत्या म्हणाली. "त्यांनी आम्हाला एक फळ खाऊ दिलं नाही. दुसऱ्याच्या झाडाचं फळ म्हणजे चोरी. घर घेतलं ती चोरी नाही, जमीन घेतली ती चोरी नाही, फळ चोरी! माळ्यावरची सगळी खड्ड्यात पुरली. आणि थंडी सरता सरता करवत घेतली आणि एकूण एक झाड कमरेत कापलं. आपली काडी बसली की झाड आपलं, म्हणाले. एकशे चाळीस. करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं."

कलमाला फळ धरायला चार वर्षं लागतात. एवढं तर आमच्या घरात पोरासोरांनाही कळतं, आजोबांना कळत नव्हतं असं कसं म्हणू? बियाणं वाटेत खाऊन झालं होतं. पहिलं वर्ष गवत आणि मुळं खाऊन काढलं. आजीचं दूध आटलं. बाळ दहा महिन्यांचं होऊन गेलं.

"तुझा बाप म्हणतो, तापानं गेलं. तुझे आजोबाही तेच म्हणत. ते वारले त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, यांच्या हट्टापायी बाळ भुकेनं गेलं. तर तुझ्या बापानं माझा हात धरून मला बाहेर काढलं. सख्ख्या भावानं."

चहा निवून गेला होता. मग ती म्हणाली, "त्याच वसंतात एक बाई आली होती. त्या घरची. खूप लांबून चालत आली असणार, पाय सुजलेले. घर मागितलं नाही, काही नाही. आमच्या झाडाची एक काडी द्या म्हणाली. आई माझ्याकडे बघायला लागली. सगळ्या फांद्या आम्ही चुलीत घातल्या होत्या. एकसुद्धा नव्हती."

काडी नव्हती कशी? पट्ट्याखालचं खोड तिचंच होतं. त्यातून फुटतात ते कोंब तिच्याच झाडाचे. एकाहत्तर वर्षं तिचं झाड दर वसंतात वर यायला बघतंय आणि आम्ही पोरंबाळं कामाला लावून ते खुडतोय. मी स्वतः हजारांनी खुडले असतील. आणि खरं सांगू? यंदाही खुडणार. न खुडून काय करू? ते वाढले तर वरचं झाड मरतं, आणि वरच्या झाडावर माझं पोट आहे. लाज वाटते म्हणून पोट थांबत नाही.

आत्यानं शेवटचा अभ्रा गठ्ठ्यावर ठेवला. "येते मी. इथेच जन्मले म्हणेन. या वयात खोटं बोलायची कसली भीती? पण आधी त्यानं म्हणायचं. तुम्हा सगळ्यांसमोर. बाळ भुकेनं गेलं. नाही म्हणाला, तर मी साहेबांना खरं काय ते सांगेन. मग जा बटाटे शोधत."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ताप होता."

"अण्णा, एक वाक्य आहे हो," भाऊ म्हणाला. "तुमचं काय जातंय? आजोबांचा हट्ट, तुमचा नाही. तुम्ही सात वर्षांचे होतात."

"ताप होता."

पालथ्या घड्यावर पाणी! आठ दिवस हेच. भावानं हात जोडले. वहिनी आधी रडली, मग तिनं बोलणं टाकलं. मी तर वाटेल ते बोलले, मेलेल्या बापाची अब्रू जिवंत पोरांपेक्षा मोठी का, असंही बोलले. अण्णांनी जेवण कमी केलं, एवढंच. मला वाटलं म्हातारा अडून बसलाय. मी फळं निवडते, बाहेरून गुळगुळीत आणि आतून काळं फळ मला नुसत्या वजनावरून कळतं. स्वतःचा बाप कळला नाही.

ठरल्या दिवशी मी आत्याला बसनं घेऊन आले. ती घरात आली नाही. वहिनीनं बागेत खुर्ची टाकली. गिरमिटवाले कागद मांडीवर घेऊन पेटीवर बसले होते. अण्णा झाडाला टेकून उभे. बावन्न वर्षांनी बहीण-भाऊ समोरासमोर आले आणि दोघांपैकी कुणीही कशी आहेस, कसा आहेस म्हटलं नाही.

"आजी," साहेब म्हणाले, "तुमचा जन्म कुठला?"

"सांगते. आधी याला बोलू द्या."

आम्ही सगळे अण्णांकडे बघायला लागलो. "ताप..." ते म्हणाले.

आत्या साहेबांकडे वळली. "बरं. लिहा साहेब. आम्ही..."

"थांब अक्का!"

इतका बारीक आवाज मी अण्णांचा कधी ऐकला नव्हता. ते आत्याकडे बघत नव्हते, आपल्या हाताकडे बघत होते.

"भुकेनं गेलं," ते म्हणाले.

भावानं श्वास सोडला. झालं, सुटलो, असं मलाही वाटलं. पण अण्णा थांबले नाहीत.

"आई आणि तू रानात जायच्या. आई मला वाटी देऊन जायची. पिठाचं पाणी. चमच्यानं पाज त्याला म्हणायची. पहिल्या दिवशी मी एकच चमचा घेतला. मग दोन. मग मी सगळंच प्यायला लागलो आणि त्याला नुसतं पाणी पाजायचो. तो तेही आवडीनं प्यायचा. हसायचा माझ्याकडे बघून." मग म्हणाले, "वडिलांना कळलं होतं. त्यांनी मला मारलं नाही. ते म्हणाले, कुणी विचारलं तर ताप होता म्हण."

गिरमिटवाले खाली बघून कागदाचा कोपरा सरळ करत बसले होते. वहिनीनं पदर तोंडाशी धरला होता. आजवर आम्ही समजत होतो की अण्णा आपल्या बापाला पाठीशी घालतात. उलटंच होतं. बाप सगळा दोष अंगावर घेऊन मेला आणि आत्यानं जन्मभर चुकीच्या माणसाचा राग केला.

आत्याचे हात मांडीवर एकमेकांवर काहीतरी दुमडत होते. मला भीती वाटली की आता ही खरं सांगणार, आणि वाटलं, सांगितलं तर हिला कुठल्या तोंडानं बोल लावू?

"सात वर्षांचा होतास रे मेल्या," ती म्हणाली. आवाजात माया होती का राग, मला अजून सांगता येत नाही. मग साहेबांना म्हणाली, "इथेच जन्मले मी. हाही इथलाच. झाडं आमच्या आजोबांनी लावली. द्या, कुठे सही करू?"

सही करून ती उठली. अण्णा खाली मातीत बसले होते. "अक्का," ते म्हणाले. ती थांबली नाही. मी तिला बसस्टॉपवर सोडलं. बस येईपर्यंत ती एवढंच म्हणाली की वंशावळीत बाळाला लिही, नाव ठेवायचं राहून गेलं होतं. मी लिहिलं. लहान भाऊ, जन्म इथला, मृत्यू इथला, वय दहा महिने. गोठ्यात जन्मलेल्या पोराला मी आमच्या जमिनीवर जन्माला घातलं, कारण नाहीतर हिशेब जुळत नव्हता.

महिन्याभरात शिक्का मारलेला कागद आला. आम्ही राहिलो. भाऊ फळांच्या पेढीवरून ओरडत आला, वहिनीनं कागद दोनदा डोळ्यांना लावला, आणि मीही हसले, खोटं कशाला बोलू?

अण्णा मात्र त्या दिवसापासून कुणाच्या समोर जेवत नाहीत. पहिल्यांदा वाटलं तब्येत बरी नसेल. मग लक्षात आलं, खोलीत कुणीही असलं की ते घास उचलत नाहीत, हात मांडीखाली घालून बसतात. आता वहिनी त्यांचं ताट झाकून ठेवते, बाहेर येते आणि दार ओढून घेते.